पंचनाम्याची प्रत शेतातच द्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

सोयाबीन उगवलं नाही अशी तक्रार केली की तालुक्याच्या तक्रार निवारण समितीची माणसं शेतात येतात. ओळ उकरून कुजलेले दाणे बघतात, कागद भरतात, शेतकऱ्याची सही घेतात. घोडं अडतं ते पुढे. प्रत मागितली की ‘तालुक्याला या’. तालुक्याला गेलं की साहेब मीटिंगला. तोवर दुबार पेरणी होऊन पहिल्या पेरणीचा शेतातला पुरावा मोडलेला असतो. थांबून कसं चालेल? पाऊस कुणासाठी थांबत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष बियाण्याची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत 2 वर्षांची. शेतकरी ग्राहकच नव्हे, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात फेटाळला. सगळं बियाणं पेरून टाकणाऱ्यानं तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा ही अपेक्षाही न्यायालयानं धरली नाही. कृषी तज्ज्ञांचे पाहणी अहवाल ग्राह्य मानले.

म्हणजे सगळा भार त्या पाहणीवर. आणि आमच्याकडे पंचनाम्यात काय असतं? ‘उगवण कमी आढळली’, एवढंच. मग कंपनीचा वकील विचारतो, पेरणी खोल झाली नव्हती कशावरून? वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, होता का? हे प्रश्न खोटे नाहीत. सोयाबीनचं साल नाजूक. पोती आदळली तरी उगवणशक्ती जाते, आणि तीन इंच खोल पेरलं तर चांगलं बियाणंही वर येत नाही. म्हणून तर पेरणीची खोली, ओल, पेरणीची तारीख, पिशवीवरचा लॉट नंबर आणि शेजारच्या वाणाची उगवण पंचनाम्यात आलीच पाहिजे. दुकानदाराकडे त्याच लॉटची पिशवी शिल्लक असेल तर तिचा नमुना त्याच आठवड्यात सील व्हावा. प्रमाणित सोयाबीनला किमान 70 टक्के उगवण लागते. प्रयोगशाळेचा आकडा हाती असला की तोंडी वाद बराच आटपतो.

कंपनीच्या प्रतिनिधीला पाहणीची लेखी सूचना द्यावी, पण तो आला नाही म्हणून पंचनामा लांबवू नये. आणि सहीबरोबर प्रत बांधावरच मिळावी. कार्बन पेपर काही महाग नाही.

एवढं परिपत्रक मेअखेर काढा. जुलैत निघालं तर ते पुढच्या वर्षीच्या शेतकऱ्याच्या कामाचं.

आपला,
मराठवाड्यातला एक सोयाबीन उत्पादक