कॅम्पला जाण्याआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा ऑगस्टचा कॅम्प तोंडावर आलाय आणि फोनवर तुझं एकच पालुपद: वजन 270 पौंड झालं, 300 कधी होणार? कोच वजन मागतात हे खरं. पण टॅकलची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला जपणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनच्या टोकाची, जागा टिकते ती पायांवर. किक-स्लाइड, म्हणजे मागे सरकत अडवणं, करताना बाहेरचा पाय उचलू नकोस, गवताला लगटून मागे ने. आतला पाय तेवढाच मागोमाग यायला हवा. दोन्ही पाय एकमेकांना टेकले की तू एका पायावर असल्यासारखाच, आणि समोरून धावून येणारा डिफेन्सिव्ह एंड नेमका त्याच क्षणी छातीवर येतो. मग कंबर वाकते, डोकं पुढे जातं, हात बाहेर पसरतात आणि जर्सी मुठीत येते. झाला होल्डिंगचा, म्हणजे धरून ठेवल्याचा, 10 यार्डांचा दंड! हात त्याच्या छातीवर, अंगठे वर, कोपरं अंगालगत. खेळाची फिल्म बघताना आधी फक्त पहिली दोन पावलं बघ, बाकीची चूक बहुधा तिथेच सुरू झालेली असते.

वजन वाढवायचंच तर आठवड्याला पौंडभर. घाईनं चढलेलं पोटावर बसतं आणि पाय जड करतं. तुला दिवसाला साधारण 200 ग्रॅम प्रथिनं लागतील. वरणाच्या वाटीत जेमतेम सहा-सात ग्रॅम असतात, अंड्यात सहा. म्हणजे वरणभातावर भागणार नाही, हे मीच सांगतेय. चिकन, दही, पनीर, व्हे प्रोटीनची पावडर असं पाच-सहा वेळा विभागून खा.

उन्हाचं मात्र नीट वाच. पहिले काही दिवस नुसतं हेल्मेट, मग शोल्डर पॅड, मग पूर्ण गिअर, हा क्रम अंगाला उष्णतेची सवय व्हावी म्हणून असतो. उष्माघाताचा धोका सगळ्यात जास्त तुम्हा लाइनमननाच. सरावाआधी आणि नंतर वजन कर, घटलेल्या प्रत्येक पौंडामागे साधारण 700 मिली पाणी पी, जेवणात मीठ कमी करू नकोस. मेरिलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर ऑफेन्सिव्ह लाइनमनच होता, 19 वर्षांचा. 2018 च्या मे महिन्यात सरावात त्याला उष्माघात झाला, बर्फाच्या पाण्यात बसवलंच नाही, आणि दोन आठवड्यांनी तो गेला. शेजारचा मुलगा असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, तर ओरडून ट्रेनरला बोलाव. आधी बर्फाचं पाणी, मग अॅम्ब्युलन्समधून हॉस्पिटल. डोक्याला मार लागून उजेड खुपला तरीही त्याच दिवशी ट्रेनरला सांगायचं, खोलीत जाऊन झोपायचं नाही.

पहिलं वर्ष बाकावर गेलं तर रुसू नकोस, लाइनवर ते नेहमीचंच. कॉलेजातून एनएफएलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक लीगपर्यंत, शंभरातले दोनही पोचत नाहीत, तेव्हा क्रेडिट्स मागे पडू देऊ नकोस.

आणि हे वजन पुढे उतरवावं लागणार. विस्कॉन्सिन विद्यापीठातून आलेला टॅकल जो थॉमस (Joe Thomas) हा एनएफएलमध्ये क्लीव्हलँडकडून सलग 10,363 स्नॅप, म्हणजे डाव, खेळला, आणि निवृत्त झाल्यावर त्यानं सुमारे 50 पौंड उतरवले. आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनावरही गाठतो, त्यामुळे तुला तर वजन उतरवणं चुकणार नाही. दरवर्षी एचबीए1सी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेची तपासणी, करून घे, घोरणं वाढलं तर झोपेची तपासणी.

मेडिकल फॉर्मवर आजोबांचा मधुमेह लिहिलायस ना? नसेल तर सोमवारच्या आत लिहून दे.

तुझी,
आई