'समाज' म्हणजे नक्की कोण, हे आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तरुण पोरं कट्टर होतायत, त्यांना वेळीच ओळखा, कॉलेजात मानसशास्त्रीय टेस्ट घ्या, असं हल्ली सारखं वाचायला मिळतं. मी मानसशास्त्र शिकवते, असल्या टेस्ट मुलांकडून भरून घेतल्यात, म्हणून राहवलं नाही.

माणूस आपल्या गटाशी किती एकरूप झालाय ते मोजायची एक पट्टी आहे, मानसशास्त्रज्ञ विल्यम स्वान आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेली. त्यात पाच चित्रं असतात, प्रत्येकात दोन वर्तुळं, छोटं म्हणजे 'मी' आणि मोठं म्हणजे 'माझा गट'. पहिल्यात दोन्ही लांब लांब, पाचव्यात छोटं पार मोठ्याच्या पोटात. पाचव्यावर खूण केली की तो गटाशी एकरूप.

आता हे मराठीत करायला गेलो तेव्हा आम्ही 'ग्रुप'ला 'समाज' लिहिलं आणि तिथेच फसलो. एका मुलाने पेन थांबवून विचारलं, "मॅडम, समाज म्हणजे आमचा समाज ना?" म्हणजे जात. शेजारचा म्हणतो, मी तर अख्खा देश धरला. दोघांची खूण एकाच चित्रावर आणि दोघांचा आकडा एकाच रकान्यात! 'गट' लिहावं तर मुलींना बचत गट आठवतो. शेवटी सांगितलं, आपला गट कोणता ते आधी स्वतःच्या शब्दांत लिहा.

एकाने ढोलताशा पथक लिहिलं आणि पाचव्या चित्रावर खूण केली. कागद देताना त्याच्या बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या होत्या, सराव चालू होता ना. नुसता आकडा बघणाऱ्याने या पोराला धोक्याच्या यादीत टाकलं असतं, आणि मला भीती त्याचीच वाटते.

आपल्या माणसांना झुकतं माप द्यायला फार काही लागत नाही हो. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना चित्रांच्या आवडीवरून गटात टाकलंय असं सांगितलं, वाटणी खरं तर कशीही केलेली, तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला जास्त दिले. म्हणून ती हिंसक झाली का? नाही. जिव्हाळा किती ते कळलं, पण तो कुठे वळेल ते कसं कळणार?

बार्सिलोनात ३८ मोरोक्कन वंशाच्या तरुणांवर अभ्यास झाला, जहाल विचारांकडे ओढा असलेलेच निवडले होते. त्यातल्या काहींना कॉम्प्युटरवरच्या चेंडूच्या खेळात बाकीच्या खेळाडूंनी, म्हणजे स्पॅनिश नावांच्या, मुद्दाम चेंडू द्यायचा बंद केला. एवढं झाल्यावर ज्या गोष्टींवर त्यांना आधी तडजोड चालली असती त्यांच्यासाठीही लढायची-मरायची तयारी वाढली. मग टेस्टमध्ये फक्त 'तुझा अभिमान किती' एवढंच का विचारता, तुला कुणी आणि कुठे बाजूला ठेवलं, भाड्याने खोली नाकारली का, वर्गात आडनावावरून कुणी बोललं का, हेही विचारा ना.

शिवाय हिंसेकडे वळणारे हजारात एखादेही नसतात, त्यामुळे चांगली टेस्टसुद्धा कितीतरी निरपराध पोरांवर बोट ठेवणार. असे आकडे अख्ख्या गटाचा कल समजायला वापरावेत, एकेका मुलाला पकडायला नाही.

तुमच्या वाचकांत पालक असतील तर त्यांना एवढंच सांगते, मुलाच्या कॉलेजात असा सर्वे आला तर मराठी वाक्यं कुणी तपासली आणि भरलेले कागद नावासकट कुणाकडे जाणार, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

आपली,
मानसशास्त्राची एक प्राध्यापिका, पुणे