धरणं उशाला, तरी टँकर दाराशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाणेर-बालेवाडीतल्या उंच इमारतींच्या जाहिराती आपल्या पुरवणीत नेहमी येतात. निवृत्तीनंतर मी अशाच एका इमारतीत राहायला आले. त्याआधीचा संसार नारायण पेठेत झाला. इथल्या सुखाला मी नावं ठेवणार नाही. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून पेठेतला जिना उतरणं त्यांना जमत नव्हतं, त्या घरातच अडकल्या होत्या. इथे त्या लिफ्टने खाली येतात, कठड्याला धरून बागेत दोन फेऱ्या मारतात, बाकावर त्यांच्या वयाच्या चौघीजणी भेटतात. वीज गेली की जनरेटर सुरू होतो. मुलगी रात्री उशिरा कामावरून परतते तेव्हा फाटकावर माणूस जागा असतो. ज्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना या सोयींचं मोल विचारा.

माझी तक्रार पाण्याची आहे. उन्हाळा लागला की पहाटेपासून टँकर येऊ लागतात. ड्रायव्हर जाड पाइप खालच्या टाकीत सोडतो, वॉचमन वहीत गाडीचा नंबर आणि वेळ टिपतो. पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या बोअरचं, याला त्या वहीत रकानाच नाही. खर्च मेंटेनन्समध्ये सगळ्यांवर वाटला जातो. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून 29 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी मावतं. त्यात शेतीचा वाटा आहे, तो असायलाच हवा. पण बाणेर-बालेवाडी महापालिकेत आली 1997 साली, आणि समान पाणीपुरवठ्यासाठी पालिकेने 200 कोटींचे कर्जरोखे काढले 2017 साली. पालिकेचं पाणी पुरेसं मिळेपर्यंत विकसकाने स्वखर्चाने पाणी द्यावं, असं हमीपत्र बांधकामाला परवानगी देताना घेतलं जातं. सोसायटी रहिवाशांच्या ताब्यात आली की त्या हमीपत्राची आठवण कुणालाच राहत नाही आणि टँकरचं बिल आमच्या नावावर येतं.

मला जास्त खुपतं ते हे, की आम्ही ते बिल मुकाट्याने भरतो. पेठेत दोन दिवस नळ कोरडा राहिला तर बायका क्षेत्रीय कार्यालयात जाऊन बसायच्या. इथल्या सर्वसाधारण सभेत टँकरवाला बदलायचा की नाही यावर तासभर खल होतो, पण पालिकेकडे पाणी मागायचा विषय निघत नाही. आत वॉकिंग ट्रॅक आहे, म्हणून बाहेर धड पदपथ नाही याचीही कुणाला चाड नाही. शिकलेले, ओळखीपाळखीचे, वकील करायची ऐपत असलेले लोकच मागणं सोडतात, तेव्हा ज्यांना पाणी विकत घेणं परवडत नाही त्यांच्यासाठी भांडायला कोण उरतं? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या वस्तीत जेमतेम तासभर पाणी येतं. हंडे भरून झाले की मगच त्या घर सोडतात. आणि इथे आल्यावर त्यांनी फक्त सर्व्हिस लिफ्टच वापरायची! शेजारची लिफ्ट रिकामी वर जात असते आणि त्या बादली-फडकं घेऊन ताटकळत उभ्या असतात. हा नियम रद्द करा असं मी कमिटीला लेखी कळवलं आहे. अजून उत्तर नाही.

आमच्या हातातही काही गोष्टी आहेत. इमारतीतला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, नीट चालवला तर फ्लशला आणि बागेला तेच पाणी वापरता येतं आणि तेवढे टँकर कमी होतात. विजेचा आणि देखभालीचा खर्च नको म्हणून तो बंद ठेवणं अक्षम्य आहे. परिसरातल्या सोसायट्यांनी टँकरवरचा वर्षाचा खर्च एकत्र मांडून आयुक्तांकडे जावं. आणि आपल्या वार्ताहरांनी माहिती अधिकारात ही हमीपत्रं मागवून इमारतनिहाय छापावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, बालेवाडी, पुणे