माळ्यावरच्या वह्या रद्दीत देऊ नका

ब्रुकलिन, न्यूयॉर्क

ती. बाबांस,
सा. न.

आई परवा म्हणाली, माळा आवरायला काढलाय आणि तुमच्या स्कोअरच्या वह्या रद्दीच्या ढिगात गेल्यात. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणाल आणि देऊन टाकाल, म्हणून पत्र.

इथल्या लायब्ररीतून मी एक पुस्तक आणलंय. 'वेट टिल नेक्स्ट इयर', १९९७ सालचं. लेखिका डॉरिस कर्न्स गुडविन एरवी राष्ट्राध्यक्षांची चरित्रं लिहितात, हे मात्र त्यांच्या लहानपणाचं आहे. बेसबॉलचा संघ ब्रुकलिन डॉजर्स, वडील बँक तपासनीस. ते कामावर असताना ही पोर रेडिओला कान लावून लाल वहीत स्कोअर भरायची आणि संध्याकाळी त्यांना अख्खी मॅच सांगायची. तिला वाटायचं, मी सांगितलं नाही तर बाबांना कळणार कसं? सगळं पेपरात छापून येतं, हे वडील तिला बोललेच नाहीत!

इथे मी पुस्तक मिटलं. ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर, न्यूझीलंड. तुमची एसटी डेपोत ड्यूटी, आणि मी टीव्हीसमोर तुमची वही घेऊन. रात्री तुम्ही जेवताना मी चेतन शर्माची हॅट्‌ट्रिक चेंडू-चेंडू सांगितली आणि तुम्ही घास हातात धरून ऐकलीत. डेपोच्या कँटीनमध्ये रेडिओ होता, हे मला माझ्या लग्नानंतर कळलं.

या डॉजर्सचं नशीबही काय सांगू! १९४१, १९४७, १९४९, १९५२, १९५३: पाच वेळा अंतिम मालिकेत पोचले आणि पाचही वेळा शेजारच्या यँकीजकडून हरले. म्हणून लोक म्हणायचे, थांबा, पुढच्या वर्षी. आपण बाप्पाला म्हणतो तसंच जवळजवळ, फक्त इथे बाप्पा येतच नव्हता. आला तो ४ ऑक्टोबर १९५५ ला, डॉजर्स जिंकले. आणि १९५७ चा हंगाम संपल्यावर मालकाने अख्खा संघ उचलून लॉस एंजेलिसला नेला. १९६० मध्ये मैदानही पाडलं. रविवारी जाऊन बघून आले. विटांच्या उंच इमारती आहेत, गॅलऱ्यांत कपडे वाळत होते.

रॉजर कान यांचं 'द बॉइज ऑफ समर' (१९७२) त्याआधी वाचलं होतं. ते तरुणपणी या संघाचे वार्ताहर होते. पुढे त्यांनी एकेका निवृत्त खेळाडूला गाठलं. कार्ल फुरिलो वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बांधकामावर लिफ्ट बसवत होता. ज्याच्या फेकीला अख्खं शहर घाबरायचं तो! त्या प्रकरणानंतर दोन दिवस मी दुसरं काही वाचलं नाही. तरी गुडविनबाईंचं मला जास्त आवडलं. कान यांना खेळाडू दिसतात, बाईंना रेडिओजवळ बसलेलं घर दिसतं.

आता तुमच्या कामाचं. बेसबॉलचा स्कोअर लिहिण्याची रीत ज्याने बसवली तो हेन्री चॅडविक मूळचा क्रिकेटचा वार्ताहर. तक्ता त्याने क्रिकेटवरूनच उचलला. तीन स्ट्राइकवर, म्हणजे तीन चेंडू वाया घालवून, बाद झालेल्याच्या चौकटीत इंग्रजी 'के' लिहितात, ते त्याचंच. आणि बॅट न हलवता बाद झाला तर 'के' उलटा काढतात, म्हणजे नुसता बघत बसला. ही युक्ती तुम्हाला रवी शास्त्रीच्या काळात कामी आली असती. चॅडविकची कबर इथेच, ग्रीनवुड दफनभूमीत. वर दगडी बेसबॉल.

तर वह्या ठेवा. वाळवी लागली असेल तर उन्हात घाला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. डिसेंबरात येतेय, सोबत घेऊन जाईन. नागपूरचं पान मात्र आत्ताच काढून बघा. हॅट्‌ट्रिकमधला तिसरा बळी चॅटफिल्ड, त्याच्या नावापुढचं 'त्रि.' (त्रिफळाचीत) मी पेन्सिलीने इतक्यांदा गिरवलं होतं की कागद फाटला. तुम्ही मागून चिकटपट्टी लावली होती.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू