गव्हर्नर हतबल नव्हते

रविवार पुरवणीतील ‘शेनान्डोआ’ या अमेरिकी यादवीतील दक्षिणेच्या युद्धनौकेवरील लेख वाचला. परकीय युद्धनौकेवर वसाहतीचा कायदा चालत नसल्याने मेलबर्नमध्ये (ऑस्ट्रेलियातील तेव्हाच्या व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीत) गव्हर्नर डार्लिंग हतबल होते, हे त्यातील प्रतिपादन पटत नाही. नौकेचे कॅप्टन वॉडेल यांच्या संमतीशिवाय झडती घेता येत नव्हती, हे खरे. पण नौका दुरुस्तीसाठी मेलबर्नजवळच्या विल्यम्सटाऊनच्या सरकारी स्लिपवेवर, म्हणजे जहाज पाण्याबाहेर ओढून घेण्याच्या उतारावर, चढवलेली होती आणि ती जागा वसाहतीच्या हद्दीतली होती. फेब्रुवारी १८६५ मध्ये तटस्थ ब्रिटनच्या वसाहतीत नौकेसाठी बेकायदा खलाशी भरती होत असल्याच्या संशयावरून पोलिसांनी तिथे वेढा घातला, दुरुस्तीचे काम बंद पाडले, नौकेवरून निसटणारे चार जण पकडलेही. म्हणजे अधिकार होता आणि तो वापरताही येत होता. वॉडेल यांनी निषेध नोंदवल्यावर मात्र दुरुस्तीवरची ही बंदी उठली. पुढे निघण्याच्या रात्री ४० च्या आसपास माणसे नौकेवर चढली, तेव्हा बंदरावर पुरेशी नजरच नव्हती. १८७२ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्यातील वादावर निर्णय देणाऱ्या जिनिव्हाच्या लवादाने याच ढिलाईवर बोट ठेवून मेलबर्ननंतरच्या नुकसानीची जबाबदारी ब्रिटनवर टाकली. युद्ध संपल्यावरही बेरिंग समुद्रात जाळलेली देवमाशांच्या शिकारीची जहाजे याच नुकसानीत येतात. लेखात या निकालाचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटते.

– एक नियमित वाचक, सातारा