जुन्या माराची नोंद डिस्चार्ज कार्डावर हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपघाताच्या बातमीत ‘बरगड्यांना मार, प्रकृती स्थिर’ एवढे येते आणि विषय मिटतो. बरगड्यांखालचे श्वासपटल फाटले असेल तर तो मिटत नाही. हा स्नायूचा पडदा प्रत्येक श्वासाला हलतो, त्यामुळे फट सहसा आपोआप सांधत नाही. छातीतला दाब पोटातल्यापेक्षा कमी, म्हणून जठर आणि मोठे आतडे हळूहळू वर ओढले जातात. उजवीकडे यकृत आड येते. भानगड बहुधा डावीकडची.

गाडीच्या धडकेने पडलेली फट दहा सेंटिमीटरचीही असते, सुऱ्याची जेमतेम एक-दोन. लहान फट जास्त दगाबाज, कारण तिच्यात आतडे आवळून रक्तपुरवठा तुटतो. आंब्रॉझ पारे या फ्रेंच शल्यविशारदाने १५७९ मध्ये वर्णन केलेला कप्तान गोळी लागल्यावर आठ महिन्यांनी असाच दगावला. भोक करंगळीच्या टोकाएवढे होते.

पहिल्या दिवशीचा एक्स-रे साफ असू शकतो. व्हेंटिलेटरवर छातीतला दाब वाढलेला असल्याने आतडी खालीच राहतात, म्हणून व्हेंटिलेटर काढल्यावर फिल्म पुन्हा घ्यावी. डाव्या स्तनाग्रापासून बरगड्यांच्या कडेपर्यंत कुठेही भोसकल्याची जखम असेल, तर सीटी स्कॅन साफ आला तरी दुर्बिणीतून पाहावे. बारीक फटी सीटीतही निसटतात.

पुढे महिन्यांनी, कधी वर्षांनी जेवणानंतर धाप लागते, डाव्या खांद्यात कळ येते, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू राहतात. मग एके दिवशी उलट्या आणि गॅसही सरत नाही. इथली सर्वांत महाग चूक म्हणजे छातीत फुगलेल्या जठराला हवा-पाणी समजून आयसीडी (ते काढण्यासाठी बरगड्यांमधून छातीत घालायची नळी) घालणे. जठर फुटते, अन्न छातीत सांडते. आपल्याकडे छातीत पाणी म्हटले की आधी क्षय आठवतो, म्हणून तर हे जास्त जपायचे. शंका येताच रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घालून एक्स-रे काढावा. नळी छातीत वळलेली दिसली की निदान झालेच, शिवाय जठर रिकामे होऊन श्वासही सुटतो. नळी पोटातच दिसली तरी मोठे आतडे वर गेलेले असू शकते. तेव्हा सीटी हवा.

आमची मागणी एवढीच: डिस्चार्ज कार्डावर जखमेची बाजू व जागा, मोडलेल्या बरगड्यांचे क्रमांक आणि श्वासपटल कशाने तपासले, हे लिहावे. रुग्णाने ते कार्ड पोटदुखीसाठी गेल्यावरही दाखवावे. वेळेत कळले तर फट न विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवता येते, मोठी असल्यास जाळी लावता येते. आतडे काळे पडल्यावर ते कापावे लागते आणि दूषित जागेत जाळी बसवणेही धोक्याचे ठरते.

– दोन शल्यचिकित्सक, नाशिक