तारांच्या दवाखान्यातल्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

वाकड्या दातांना तारा आम्ही बसवतो. पुढची दीड-दोन वर्षं हिरड्या सांभाळता त्या तुम्ही. त्याबद्दल मनापासून आभार.

खालचे पुढचे दात एकावर एक चढले की मधल्या खाचेत ब्रशचे केस पोचत नाहीत. तिथला पांढरा थर दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो, त्याचं कीटण बनलं की ते ब्रशने निघत नाही. तारा लावल्यावर तशाच खाचा प्रत्येक दातावर होतात: ब्रॅकेटच्या (तार धरायला दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या) कडेला, तारेखाली, रबराभोवती. हिरडी लाल होते, फुगते, कधी ब्रॅकेटवर चढते. ही सूज स्वच्छतेने उतरते. खालचं हाड झिजलं तर मात्र ते आपसूक भरून येत नाही.

आम्ही हे दोन मिनिटांत सांगून मोकळे होतो. तुम्ही मुलाच्या हातात आरसा देता, दातांवरचा थर दिसावा म्हणून रंगाचं औषध लावता आणि घासल्यावरही रंग कुठे उरला ते त्यालाच शोधायला लावता. मग मऊ ब्रश 45 अंशांत तिरका धरून आधी हिरडी आणि ब्रॅकेटमधली पट्टी, नंतर ब्रॅकेटची दुसरी कड, शेवटी बाटली धुवायच्या ब्रशसारखा चिमुकला इंटरडेंटल ब्रश तारेखालून, प्रत्येक ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंनी. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. रात्री चार-पाच मिनिटं लागतातच. ‘रक्त येतं म्हणून तिथं घासत नाही’ म्हणणाऱ्या पोरीचा हात धरून तुम्ही नेमकं तिथंच हळुवार घासून घेता. बहुतेकींचं रक्त आठ-पंधरा दिवसांत थांबतं. आमच्या चिठ्ठीने हे साधलं नसतं. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या मनानेच लांबवल्या तर दातांवर तपकिरी डाग पडतात, हेही तुम्हीच घरच्यांना बजावता.

कडक भाकरी आमटीत कुस्करून खा, हुरडा आणि शेंगाचटणी खाल्ली की खळखळून चूळ भरा, हे तुम्ही सांगता तेव्हा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतही मुलं ऐकतात.

मिश्री लावणाऱ्या बायकांशी तर तुम्ही किती वेळ बोलत बसता! सुजलेल्या, पू येणाऱ्या हिरडीतला दात तारेने ओढला तर हाड आणखी खचतं, म्हणून आधी हिरडीचा उपचार. त्या उपचाराचे महिने थांबायला त्या तयार होतात, तुमच्या शब्दाखातर.

यापुढे नव्या पेशंटची पहिली पंधरा मिनिटं तुमचीच. खिडकीजवळ, उजेडात, मोठा आरसा बसवला आहे.

आपले,
दवाखान्यातील डॉक्टर, सोलापूर